खोबरेल

नाट्याच्या वरच्या सड्यावर तीन खळगे माझ्या मालकीचे आहेत.
सातबाऱ्यावर नाहीत.
चिरेखाणीतल्या भिवा पांचाळाकडून छिन्नीनं पाडून घेतले,
दीडशे रुपये आणि एक फॅमिली फोटो फुकट.
त्यांत स्टँडचे तीन पाय बसतात
आणि कॅमेरा दर वेळी तेवढंच बघतो:
डावीकडं वाकडा काजरा, मधे कातळ,
मग एकदम तुटलेली कड, खाली खाडीचं तोंड,
उरलेलं सगळं आभाळ.

बारा वर्षं एकच फोटो काढताय, बायको म्हणते.
स्टुडिओचा हिशेब तीच ठेवते, तेव्हा बरोबर असणार.

आषाढात इरलं मी कॅमेऱ्यालाच घालतो
आणि स्वतः भिजतो.
काचेवर थेंब, थेंबात काजरा, तोही उलटा.
भाद्रपदात एका साली उजव्या खळग्यात
सीतेची आसवं उगवली, पाच-सहा दांडे, निळीजांभळी.
पाय ठेववेना.
वीतभर सरकून उभा राहिलो.
त्या साली काजरा अर्धा कापला गेलाय.
कार्तिकातल्या गवताला लोक सोनं म्हणतात,
मला ते जुन्या पोस्टकार्डाच्या रंगाचं दिसतं.
फाल्गुनात कोणीतरी काडी लावतं.
काळ्या सड्यावर काळा काजरा:
माझे सगळ्यांत चांगले फोटो ते,
अजून एकही विकला गेला नाही.

राहिली थंडी.
ती पौषात येते, थोडे दिवस, पाहुण्यासारखी पिशवी न सोडता.
खाडीवरून धुकं कडेपर्यंत चढतं,
कातळ तळव्यांना चावतो,
फोटोत मात्र नुसती सकाळ येते.

यंदा नदीम होडेकरनं बोटीवरून फोटो पाठवला.
बाल्टिक समुद्र. दोर बर्फाचे, शिडी बर्फाची,
आणि तो, नुसते डोळे.
याच पोराचा सीडीसीसाठी फोटो मी काढला होता
निळ्या पडद्यासमोर:
कान दिसायला हवेत. हसायचं नाही.
आता कान नाहीत,
हसतोय की काय तेही कळायला मार्ग नाही.
खाली लिहिलंय: काका, गावात थंडी पडली का? दाखवा.

दाखवा!
दुसऱ्या दिवशी पाचला सड्यावर.
गवतावरचं दव काढलं; पाण्यासारखं पाणी.
परतताना मोहोर काढला;
तो थंडीनं आला, हे तोंडानं सांगावं लागतं.
शेकोटीपाशी बसलेला बाबल्या काढला, कानटोपीत.
तो एप्रिलातही कानटोपी घालतो.

तिसऱ्या दिवशी न्हाणीत खोबरेलाची बाटली उलटी केली.
पडेना.
ठोकली, तरी पडेना.
ओल्या टॉवेलात गुंडाळून तशीच वर नेली,
केस विंचरायचे राहिले.
कातळावर ठेवली. मागं काजरा, कड, खाडी.
बाटलीत गच्च पांढरं.
बारा वर्षांत पहिल्यांदा
मी त्या चौकटीत आपल्या हातानं काही ठेवलं.

सात दहाला पहिला.
सव्वाआठला बाटलीच्या कडा सुटायला लागल्या,
मधे पांढरा गोळा, बारीक होत गेलेला.
साडेनवाला त्यातून खाडी दिसली, पिवळसर.
एकवीस फोटो. सगळे पाठवले.

चार दिवसांनी रेंज मिळाली असावी.
त्यानं लिहिलं:
अम्मीनं दिलेली बाटली माझ्याकडं पण आहे.
डेकवर नेली की दगड होते.
इंजिनाजवळ ठेवतो, मग डोक्याला लागते.
पुढं काही नाही.

आता चैत्र. इथं तेल पळीनं वाढावं तसं पडतं.
झाकण सैल होतं त्या दिवशी,
कातळावर तेलाचं एक वर्तुळ राहिलंय, रुपयापेक्षा मोठं.
पावसापर्यंत तरी जायचं नाही.
दर फोटोत येतं, खाली, उजवीकडं.

बायकोला अजून दिसलेलं नाही.